बाहेरून आरसा

आणीबाणी उठली त्या वर्षी मी वडनेरात नवं घर बांधलं आणि रस्त्याच्या बाजूला, म्हणजे बरोबर पश्चिमेला, भिंतभर काच बसवली. खिडकी म्हणजे चार गज आणि दोन फळ्या, असं मानणारं आमचं गाव. एवढी मोठी काच उन्हाच्या तोंडाला कशाला, असं मिस्त्रीनं विचारलं होतं. तू विटा लाव, डोकं मी लावतो, असं मी त्याला ऐकवलं. न उघडणारी एकसंध काच, वर हवेला झरोके. शहरात मी कुठंतरी तसं पाहिलं होतं आणि जे शहरात पाहिलं ते आपल्या घरी असलंच पाहिजे, हा माझा जुना आजार.

चैत्र लागला आणि माझ्या डोक्याचा निकाल लागला. दुपारी बैठकीत पाय ठेवला तरी तळवे भाजायचे. समोरच्या पंजाबरावांच्या मातीच्या घरात माणसं दुपारी घोरायची आणि मी स्लॅबखाली काचेसमोर घाम पुसत, घर कसं उजेडाचं आहे ते आल्यागेल्याला सांगायचो. माझी बायको झुंबर हिनं एक जुनं लुगडं काचेवर बांधलं. ते मी ओढून काढलं. लुगडंच टांगायचं होतं तर काच कशाला घेतली असती?

तेवढ्यात तिचा भाऊ शेषराव मुंबईहून आला. त्याच्या ऑफिसात काचांना ऊन अडवणारा कागद लावला होता, त्यातलं उरलेलं भेंडोळं त्यानं बहिणीसाठी आणलं. कागद म्हणजे प्लास्टिकच, पण रुपेरी. काचेवर आतून चिकटवला की ऊन बाहेरच्या बाहेर परततं, शिवाय बाहेरच्याला काच आरशासारखी दिसते आणि आतल्याला बाहेरचं सगळं दिसतं. मला आणखी काय पाहिजे होतं!

शेषराव म्हणाला, काच साबणाच्या पाण्यानं चांगली ओली करा, मग कागद लावून खालचं पाणी निपटून काढा, फुगे राहायला नकोत. ओली करायला मी कपाशीवर फवारायचा पंप काढला. तो पाठीवर अडकवून मी माझ्याच बैठकीत दांडा हलवत फिरलो आणि काच काय, भिंती, देवांच्या तसबिरी आणि शेषरावसुद्धा भिजवला. सायकलची ट्यूब लाकडाला गुंडाळून फुगे काढले. बरेच निघाले. जे राहिले त्यांच्याबद्दल, ते असतातच, असं मी लोकांना सांगितलं.

फरशीवरचं पाणी कुणी पुसायचं, हे मात्र कुणाला सांगितलं नाही. झुंबर चहाची कपबशी घेऊन आली आणि साबणावरून घसरली. उजव्या हाताचं मनगट मोडलं. तिला नांदुऱ्याला नेऊन कोपरापर्यंत प्लास्टर घालून आणलं. सगळ्या वाटेनं ती एवढंच म्हणाली, की कप फुटला. तिनं दोन शिव्या हासडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

स्वयंपाकाला तिची एक चुलत जाऊ यायची. प्रश्न केसांचा आला. झुंबरचे केस दाट आणि कमरेखाली. एका हातानं वेणी होत नाही. जाऊबाईला कामं होती, आमची मुलगी सासरी लांब. झुंबर कुणाला म्हणायची नाही. केस तसेच गुंडाळून पदर कपाळापर्यंत ओढायची आणि दाराबाहेर जायचं टाळायची. जिला घरात करमत नाही ती बाई कोपऱ्यात बसलेली पाहून माझा जीव तुटायला लागला, कारण हात तिचा असला तरी तो मोडला होता मी.

आता माझी अडचण सांगतो. पारावर बसून इतर पुरुषांची मापं काढण्यात माझा हात धरणारा गावात कोणी नव्हता. भगवंतरावांनी बाळंतीण बायकोसाठी दोन घागरी पाणी भरलं, तेव्हा मी त्यांना भगवंतबाई म्हणालो होतो आणि ते नाव गावानं वर्षभर चालवलं. तोच मी बायकोची वेणी घालतो हे कळलं असतं, तर माझं नाव गावानं माझ्या तेराव्यापर्यंत चालवलं असतं.

पण आता काचेवर कागद होता. मी झुंबरला भर दुपारी रस्त्यात उभं केलं आणि आतून नाना प्रकारची तोंडं केली. तिला तिचाच चेहरा दिसला. मग मी दाराला कडी लावली, तिला काचेसमोर उजेडात बसवलं आणि फणी घेतली. बैलांची दावी वळण्यात माझा हात चांगला आहे. पहिली वेणी मी तशीच वळली, पीळ घालून, ताणून. झुंबर म्हणाली की डोळे मिटत नाहीत. हळूहळू हात सैल झाला. तेल किती लागतं, गुंता खालून कसा सोडवायचा, हे कळायला लागलं. बाहेरून बायका यायच्या, काचेत पाहून कुंकू नीट करायच्या आणि जायच्या. पंजाबराव मिशा न्याहाळायचे. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर बायकोच्या डोक्याला तेल चोळत असायचो आणि मनात म्हणायचो, वा रे विज्ञान.

एवढ्या वर्षांच्या संसारात झुंबर माझ्याशी इतकं कधी बोलली नव्हती. तोंड पलीकडे असल्यामुळे असेल. माहेरच्या विहिरीचं, गेलेल्या बहिणीचं, काय काय सांगायची. मीही ऐकायचो. खरं सांगतो, दुपार कधी होते याची मी वाट पाहायला लागलो.

मग विहिरीवरच्या मोटारीची लाइन, म्हणजे वीज, दुपारची झाली. उन्हाळी भुईमुगाला पाणी द्यायला मला त्याच वेळी विहिरीवर बसावं लागे आणि गोठ्याकडून, मागच्या दारानं घरी यायला अंधार पडे. वेणी दिवे लागल्यावर घालायची वेळ आली. झुंबर म्हणाली, दिवा लागल्यावर केस विंचरत नाहीत. मी म्हणालो, असल्या गोष्टी मातीच्या घरांसाठी असतात. आणि गुंता नीट दिसावा म्हणून बैठकीत मोठा बल्ब लावला.

त्या दिवसांत पारावर लोक मला जागा करून देऊ लागले. वहिनींचा हात कसा आहे, असं जो तो विचारी. भगवंतरावांनी तर एकदा स्वतःहून पान लावून दिलं. मला वाटलं, कागदामुळे आपलं गावात वजन वाढलं.

एका संध्याकाळी वेणी अर्धी झाली होती आणि मागच्या गोठ्यातलं म्हशीचं वगार सुटलं. झुंबरला तशीच बसवून मी मागच्या दारानं त्याच्यामागे धावलो. ते बोळातून फिरून घरासमोरच्या रस्त्यावर आलं. त्याच्या गळ्यातली दोरी धरली, वर पाहिलं आणि जागीच थिजलो.

आता उजेड आत आणि अंधार बाहेर, त्यामुळे आरसा उलटला होता आणि माझी बैठक तंबूतल्या सिनेमासारखी लख्ख दिसत होती. बल्ब, तसबिरी, तेलाची वाटी आणि मधोमध माझी बायको. पेडांची टोकं डाव्या हातात धरून, डोळे मिटून बसलेली. तिचा असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. पाहणार कसा, मी कायम तिच्या पाठीमागे असायचो.

समोर पंजाबरावांच्या अंगणात खाटा पडल्या होत्या आणि सगळ्या खाटांची तोंडं माझ्या घराकडे होती. पंजाबराव, त्यांची बायको मंजुळाबाई, भगवंतराव, आणखी दोन-चार माणसं. कोणी हसलं नाही. हसले असते तर मी भांडलो असतो, ते मला जमतं. पंजाबराव विडी शोधू लागले. भगवंतरावांनी सरकून खाटेवर जागा केली. मग मंजुळाबाई म्हणाल्या, "भाऊ, वैनीले काऊन ताटकळत ठेवता? वेणी सुटून राह्यली."

वगार बांधलं आणि आत आलो. कान तापले होते. झुंबरच्या मागे उभा राहून म्हणालो, "सगळं दिसते बाहेरून."

"हाव," ती म्हणाली.

"तुले मालूम होतं?"

"पहिल्याच रात्री. खरकटं टाकाले गेली तवा पाह्यलं."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

तिनं मान वळवली नाही.

"सांगतलं असतं तं तुमी हात आवरला असता," ती म्हणाली.

मला राग आला. तिचा नाही, माझाच. पण सवयीनं तो बल्बवर काढला आणि बटण दाबलं. अंधार झाला. बाहेर एक खाट करकरली. मी चाचपून पेड धरले. तीन होते, त्यांचे चार झाले, मग दोनच हाताला लागले. तिचा कान ओढला गेला तरी ती हू की चू करेना. बटण भिंतीवर होतं, हात पोचेल एवढ्या अंतरावर, आणि ते दाबायला मला जेवढं बळ लागलं तेवढं नांगर उचलायलाही कधी लागलं नाही.

बल्ब लावला. काचेकडे पाहिलं नाही. पहिल्यापासून केस सोडले, फणी फिरवली आणि वेणी घातली. वाकडीच झाली.

दुसऱ्या दिवशी पारावर जायला मी फार वेळ लावला. मनात भांडणाची सगळी तयारी होती, ती फुकट गेली. पंजाबरावांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, रातच्यालेही दिसणार नाही असा कागद मुंबईत भेटते का.

मृगाच्या तोंडावर झुंबरचं प्लास्टर निघालं. डॉक्टरनं मनगट सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिलं आणि आता सगळी कामं करा म्हणून सांगितलं. घरी आल्याबरोबर तिनं त्याच हातानं भरलेली कळशी उचलून ओट्यावर ठेवली, भाकरी थापल्या, माझं ताट वाढलं. जेवणं झाली, भांडीही तिनंच घासली. मग हात पुसून आली, बल्ब लावला, काचेसमोर बसली आणि फणी मागे माझ्याकडे केली.

"दुखते अजून," ती म्हणाली.

मी तिला नीट बस म्हणालो आणि तेलाची वाटी जवळ ओढली.