दोन मिलिमीटरांनी लहान

त्या दोन ब्रोचांपैकी पहिला सुंदर होता आणि दुसरा नव्हता, याविषयी संग्रहालयात कोणाचेच दुमत नव्हते. दोन्ही काशाचे, दोन्ही बशीसारखे खोलगट; इंग्लंडमधील अँग्लो-सॅक्सन स्त्रिया सुमारे चौदाशे वर्षांपूर्वी खांद्यांवर लावीत, त्या घडणीचे. पहिल्यावर पाच जनावरे एकामागून एक वर्तुळात धावत होती, आणि त्यांच्या मांड्यांच्या व जबड्यांच्या रेषा अजून बोटाला लागत. दुसऱ्यावर तीच पाच जनावरे होती, पण पाण्याखालून पाहावीत तशी. कडा बोथट, डोळ्यांच्या जागी नुसते उंचवटे. पहिल्याच्या काठाचा नखाएवढा तुकडा मात्र निघून गेला होता, आणि त्याच्याबरोबर एका जनावराचा पुढचा पंजाही. दुसरा अखंड होता.

न्यू जर्सीतील एका लहान कॉलेजच्या त्या संग्रहालयात अनिका इंगवले साहाय्यक क्युरेटर होती. प्रदर्शन उघडायला नऊ दिवस उरले होते. त्याच्या मध्यभागी ती एकच पोशाख उभा करणार होती: त्या काळच्या पद्धतीने हातमागावर विणवून घेतलेला, लोकरीचा, नळीसारखा सरळ. असा पोशाख शिवून अंगाला बसवलेला नसतो. पुढचा आणि मागचा काठ प्रत्येक खांद्यावर एकेका ब्रोचने अडकवला की तो उभा राहतो, आणि एक ब्रोच काढला की घसरतो. या कापडामागे तिचे चौदा महिने गेले होते.

संग्रहाचे प्रमुख डॉ. व्हिटकॉम यांनी दुसरा ब्रोच काढून ठेवायला सांगितले.

त्यांचे म्हणणे अन्यायाचे नव्हते. दोन्ही ब्रोच एकाच देणगीतून आले होते, पण ते एकत्र सापडल्याचा कागद नव्हता. पहिल्यावर मातीत पुरलेला असताना चढलेला हिरवा थर जागोजाग होता. दुसरा कोणा जुन्या मालकाने घासून इतका लख्ख केला होता की त्याच्या वयाची खूणच उरली नव्हती. "एकोणिसाव्या शतकातली नक्कल," ते म्हणाले. "खऱ्या वस्तूच्या शेजारी मी ती ठेवणार नाही. दुसऱ्या खांद्याला साधी पिन लाव."

"साधी पिन लावायची असेल तर मी पोशाखच मागे घेते," अनिका म्हणाली. "एका बाईचे दोन खांदे दाखवायचे होते मला. एक खांदा आणि एक सेफ्टी पिन नव्हे."

"शुक्रवारपर्यंत पुरावा आण," व्हिटकॉम म्हणाले. "नाहीतर मागे घे."

रविवारी एडिसनला आईवडिलांकडे जेवताना तिने हे सांगितले. वडील अतुल इंगवले यांनी कोल्हापूरच्या फाउंड्रीत उमेदवारी केली होती आणि पुढे तीस वर्षे न्यू जर्सीत ओतकामच केले होते. निवृत्तीने त्यांचा हात थांबला होता, वाद थांबला नव्हता.

"दुसरा किती लहान आहे?" त्यांनी विचारले.

"थोडासा."

"थोडासा हे माप नाही."

"बाबा, प्लीज. आय ॲम ऑलरेडी स्ट्रेस्ड."

"म्हणूनच विचारतो."

"जेवू दे तिला," आई शैला म्हणाली. "तुझी पट्टी कुठे पळून जात नाही."

मंगळवारी ते आपला व्हर्नियर, बारीक मापे घ्यायची ती जबड्यांची पट्टी, घेऊन संग्रहालयात हजर झाले. अनिकाने त्यांना निळे हातमोजे दिले. व्हर्नियरच्या जबड्यांना मऊ टेप लावायला लावली. तीही त्यांनी जाडी मोजून लावली. दुसरा ब्रोच हातात घेताच त्यांनी तो उलटा केला. जनावरांकडे ते पाहतच नव्हते.

"हा वाईट आहे असं कोण म्हणतं?"

"सगळेच."

"सगळ्यांनी पुढून पाहिलाय. पाठ बघ. दीड मिलिमीटर जाडी, सगळीकडे सारखी. कुठे बुडबुडा नाही, कुठे धातू अडून राहिला नाही. तुझ्या त्या सुंदर ब्रोचची पाठ बघ: इकडे दोन, तिकडे एक. नक्षी करणारा तो मोठा असेल, पण ओतणारा हा मोठा." त्यांनी पाठीवरून अंगठा फिरवला. "तापमान मोजायला काही नाही. ज्वाळेचा रंग बघून ओतलाय याने. आमच्याकडे असा माणूस असता तर त्याला कुणी सुट्टी दिली नसती."

मग त्यांनी चौदा ठिकाणी मापे घेतली. पहिला बावन्न मिलिमीटर, दुसरा जेमतेम पन्नास. आणि डोळ्यापासून डोळ्यापर्यंत, मांडीपासून जबड्यापर्यंत, प्रत्येक अंतर त्याच प्रमाणात, शंभराला चार या हिशेबाने घटलेले. डॉ. व्हिटकॉम तेवढ्यात आत आले. अतुलनी त्यांना उभ्या उभ्या समजावले: ओल्या मातीत पहिला ब्रोच दाबून साचा घेतला असेल, तर माती वाळताना आटते, ओतलेला धातू थंड होताना पुन्हा आटतो. दुसरा ब्रोच पहिल्यावरूनच घेतलेला आहे. पाहून कोरलेला नाही.

"फार उपयोगी माहिती," व्हिटकॉम मनापासून म्हणाले. "म्हणजे ज्याच्या घरी पहिला ब्रोच होता, त्या कोणत्याही संग्राहकाला दुसरा बनवता आला असता. मिस्टर इंगवले, माझी बाजू इतकी भक्कम मीसुद्धा केली नव्हती."

परतताना गाडीत अनिकाने विचारले:

"बाबा, तू कोणाच्या साइडला आहेस?"

"मी माप घेतलं. ते सांगितलं."

"ते मला आधी सांगता आलं असतं! यार, मी तुला विटनेस म्हणून नेलं आणि तू समोरच्याची केस जिंकून दिलीस."

"खोट्या आधारावर उभी केलेली तुझी केस मला नको होती," ते म्हणाले.

बुधवारी दुपारी त्यांनीच फोन केला. दोन्ही ब्रोचांचे फोटो त्यांनी मापात मोठे करून पारदर्शक कागदावर छापले होते, आणि आटण्याचा फरक भरून काढून ते एकमेकांवर ठेवले होते. अनिका पोहोचली तेव्हा स्वयंपाकघरातले टेबल अडलेले होते आणि शैला कणीक हातात धरून उभ्याने मळत होती.

"बोटं मोज," अतुल म्हणाले.

चार जनावरांच्या पुढच्या पंजाला तीन तीन बोटे होती. पाचव्याचा पंजा फक्त दुसऱ्या ब्रोचवर होता, कारण पहिल्यावर नेमका तोच तुटला होता. त्याला चार बोटे होती.

"साच्यातून नसलेली गोष्ट येत नाही," अतुल म्हणाले. "हा साचा घेतला तेव्हा पहिला ब्रोच तुटलेला नव्हता."

"किंवा नक्कल करणाऱ्याने तुटका भाग मनाने भरला."

"ज्याने पुसट झालेला डोळासुद्धा पुन्हा कोरला नाही, तो एक बोट जास्तीचं कशाला कोरेल?"

"तो तर्क झाला, बाबा. व्हिटकॉम दोन मिनिटांत उडवतील." ती पहिल्या ब्रोचच्या फोटोवर वाकली. तुटलेल्या कडेवर हिरवा थर होता, आणि त्यात मातीचे कण अडकलेले होते. तिने बोट तिथे ठेवले आणि ते हलवले नाही. "ही कड मातीत जायच्या आधी तुटली आहे. आणि पंजा गेलेला दिसत असला तरी बोटांची मुळं कडेपाशी राहिली असतील. या थराखाली. तिथे तीन आहेत की चार, हे मातीतून काढल्यापासून कोणीच पाहिलेलं नाही."

अतुलनी चष्मा काढला. "हे मला सुचायला हवं होतं," ते म्हणाले, आणि त्यांच्या स्वरात तक्रारीपेक्षा आनंद जास्त होता.

"तुला सुचलं असतं तर मी काय केलं असतं?" ती हसली, आणि फोन शोधू लागली.

गुरुवारी सकाळी कॉलेजच्या प्रयोगशाळेत पहिल्या ब्रोचचा एक्स-रे घेतला. पडद्यावर हिरवा थर धुक्याएवढाही उरला नाही. तुटलेल्या कडेपाशी चार आखूड खुंट दिसले, शेवटचा जरा तिरका. आणि दुसऱ्या ब्रोचवरचे चौथे बोटही नेमके तसेच तिरके होते.

डॉ. व्हिटकॉम खुर्ची ओढून बसले. पाच मिनिटे त्यांनी शक्य ते सर्व आक्षेप घेतले: थर नंतर वाढला असेल, माती नंतर चिकटली असेल. प्रत्येकाला अनिकाने उत्तर दिले; सोबत आलेल्या अतुलनी दोनदा तोंड उघडले आणि दोन्ही वेळा तिने नुसता हात वर केला.

"म्हणजे," व्हिटकॉम शेवटी सावकाश म्हणाले, "तो पंजा पाहणारा माणूस पहिला ब्रोच जमिनीत जाण्याआधीचाच असला पाहिजे. चाळीस वर्षं मी त्या दुसऱ्या वस्तूला खोटी म्हणत आलो. तिची माफी कशी मागायची, ते मला ठाऊक नाही. फलक मात्र मी स्वतः लिहीन."

त्या दिवशी त्या तिघांच्या बोलण्यातून ती बाई हळूहळू उभी राहिली. लाकडी घरांची एक लहानशी वस्ती. घरांच्या मधून जमिनीत अर्ध्या खणलेल्या झोपड्या, त्यांत माग टेकवलेले आणि ताण्याचे उभे धागे खाली ओढून धरायला मातीची कडी लटकवलेली. तिथे कुठेतरी एका स्त्रीचा एक ब्रोच हरवला. नवीन नक्षी घडवणारा कारागीर दूर असेल, किंवा मरण पावला असेल. गावात फक्त भांडी ओतणारा होता. तिने उरलेला ब्रोच त्याच्या हातात दिला. त्याने मातीत दाबला, सुकवला, भाजला, ओतला, आणि आपल्याला जे येत नव्हते त्यात हात घातला नाही. जे येत होते ते त्याने असे केले की चौदा शतकांनंतर एका फाउंड्रीवाल्याने त्याच्या कामाची पाठ उलटून पाहिली आणि त्याला मनोमन मान दिला.

फलकावर भांडण झालेच. व्हिटकॉमनी 'नक्कल' लिहिले. अतुलनी हरकत घेतली की शब्दात कमीपणा आहे. व्हिटकॉम म्हणाले की शब्दात वस्तुस्थिती आहे. तासाभराने दोघांनी मान्य केलेले वाक्य असे ठरले: 'डावा ब्रोच उजव्यावरून घेतलेला आहे, उजवा अखंड असताना.'

शुक्रवारी पोशाख मंचावर चढला. तोल राहावा म्हणून अनिकाने दोन्ही खांद्यांना आतून तात्पुरते टाके घातले होते. तिने उजवा ब्रोच लावला, मग डावा, आणि कात्रीने एकेक टाका कापला. शेवटच्या टाक्याला कापड किंचित खाली आले, दोन्ही पिनांवर ताणले गेले आणि थांबले.

"धरलं," व्हिटकॉम म्हणाले.

"बाबा," अनिका न वळता म्हणाली, "श्वास सोड आता."