रविवारची वीस मिनिटं

अब्नेर सुताराने खोलीच्या मधोमध उभं राहून आवाज मोजायचं मीटर छातीसमोर धरलं आणि फेलिसाला बोटानेच गप्प राहायला सांगितलं. पलीकडे शेजारचा नेस्तोर दुपारच्या जेवणानंतरचं पाचवं गाणं कराओकेवर ताणत होता.

"सेहेचाळीस डेसिबल," अब्नेर म्हणाला. "गेल्या रविवारी एकाहत्तर होतं."

जुन्या भिंतीपासून चार बोटं सोडून उभी केलेली चौकट, तिच्यात आवाज शोषणारी खनिज लोकर, वर जिप्समचे दुहेरी तक्ते. खिडकीला दुसरी काच, दाराला रबराची पट्टी. आता नेस्तोरचा आवाज उशीत तोंड खुपसून गावं तसा येत होता.

"आता किती बोंबलायचं ते बोंबल म्हणावं मेल्याला," फेलिसा म्हणाली.

फिलिपिन्समधल्या तांझाच्या त्या गल्लीत गाणाऱ्याला थांब म्हणणं म्हणजे जेवणाऱ्याला ताटावरून उठवणं. फेलिसाने तेही आठदा करून पाहिलं होतं. दर वेळी नेस्तोरच्या बायकोने तिला खुर्चीत बसवून एका हातात नूडल्सची बशी दिली होती आणि दुसऱ्यात माईक.

तिचं मागणं ते किती! एकुलती लेक जोव्हेलिन पाच वर्षं कुवेतमध्ये एका म्हाताऱ्या बाईंना सांभाळत होती. दर रविवारी चारला तिचा फोन यायचा, वीस मिनिटं. त्यातली दहा "काय? काय म्हणालीस?" करण्यात जायची. लेकीचा आवाज एकदा पोटभर ऐकावा, यासाठी फेलिसाचा जीव तुटत होता.

अब्नेर गेला आणि बरोबर चारला फोन वाजला. फेलिसाने दार लावून घेतलं.

"नानाय," लेकीने आईला हाक मारली, "जेवलीस?"

शब्द न् शब्द स्वच्छ. पोरीचा श्वाससुद्धा ऐकू आला. फेलिसाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"जेवले गं. बघ, आज किती छान ऐकू येतंय!"



"नेस्तोरकाका गात नाहीयेत? बरं नाही का त्यांना?"

"त्याला काय धाड भरलीये! मीच भिंत घालून घेतली. आता तुझी वीसच्या वीस मिनिटं माझी."

"हो? बरं केलंस."

"मग अशी का बोलतेस?"

"काही नाही गं. इथे दिवसभर खिडक्या बंद, पडदे ओढलेले. बाई तर बोलतच नाहीत. म्हणून मी मुद्दाम चारला फोन करायचे. काका बेसूर सुरू झाले की वाटायचं, मी आपल्या मागच्या पायरीवर बसलेय आणि तू आत भांडी आपटतेयस."

फेलिसाने भिंतीकडे पाहिलं. अब्नेरने काम फार नीट केलं होतं, कुठे फट म्हणून नव्हती.

"फोन ठेवू नकोस," ती म्हणाली.

ती अनवाणीच अंगण ओलांडून शेजारच्या दारात उभी राहिली. तिला पाहताच सगळे सावरून बसले. नेस्तोरच्या बायकोचा हात सवयीने बशीकडे गेला. नेस्तोरने गाणं अर्ध्यावर सोडून आवाज शून्यावर आणला.

"केला बंद, फेलिसामावशी, केला! भिंत बांधूनसुद्धा समाधान नाही का तुमचं?"

फेलिसाने फोन दोन्ही हातांनी स्पीकरसमोर धरला.

"वाढव," ती म्हणाली. "सतरा मिनिटं उरलीत."