तिसऱ्यांवरचा हक्क

दोकशिम सकाळी साडेसातला दोंगतानहून, लेकीच्या अठ्ठाविसाव्या मजल्यावरून निघाली, ती दहा वाजले तरी बसमध्येच. कोरियातलं हे ह्वासॉन्ग म्हणे एकच शहर. पण या टोकाहून त्या टोकाला जाईस्तोवर जीव मेटाकुटीला येतो. मनोरे संपले, भातशेतं आली, मग कारखान्यांची रांग. तिथं नेपाळी पोरं चढली आणि बसल्या बसल्या झोपली. मग द्राक्षांचे मांडव, आणि शेवटी एकदाचा समुद्र. महापालिका या सगळ्याला एका नावात कोंबते. तिला बसनं जावं लागत नाही.

पाच दिवस नातीला सांभाळायचं आणि ओहोटीच्या शनिवारी गावी येऊन चिखलात तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायच्या, यावर दोकशिमचा आठवडा निघायचा. कंबर मोडायची, पण त्या चिखलात तिला कुणाची तरी आजी असावं लागत नसे.

बांधावर बायका ट्रॅक्टरच्या गाडीत चढत होत्या. "दोंगतानच्या बाईसाहेब आल्या, सरका गं," मालजा म्हणाली आणि तिनं हात पुढं केला.

"ह्येरिमची आई, थांबा जरा." मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष ग्वाक यादी घेऊन आले. "नव्या रहिवासी दाखल्यावर तुमचा पत्ता दोंगतानचा आलाय. मार्चपासून. गावात नाव नसेल तर चिखलावर हक्क राहत नाही, तुम्हाला ठाऊक आहे."

मार्चमध्ये लेकीनं, ह्येरिमनं, फोन पुढं धरला होता. "आई, इथं दाब. म्हातारं माणूस घरात नोंदलेलं असलं की नव्या घराच्या सोडतीत गुण वाढतात. शहर तर तेच आहे, तुला काय फरक पडतो?" कडेवर नात रडत होती. दोकशिमनं न वाचता दाबलं होतं.

"पोरांनी परस्पर केलं असेल तर सांगा," ग्वाक हळू आवाजात म्हणाले. "हल्ली होतं असं. सोमवारी नाव परत गावात आणा. तोवर यादी मी पुढं पाठवत नाही."

नाव परत आणलं की ह्येरिमचे गुण गेले. नऊ वर्षं भाड्याची घरं, दर दोन वर्षांनी बांधाबांध, नात जन्मल्यापासून दोनदा.

"परस्पर नाही," दोकशिम म्हणाली. "मीच केलं."

"खोटं बोलतेय ही. तिथं एक दिवस करमत नाही हिला."

"मालजा, गप बस," दोकशिम म्हणाली.

ग्वाकनी पेन काढलं. मग यादीतल्या तिच्या नावावर रेघ ओढली आणि ड्रायव्हरला खूण केली. एकेचाळीस वर्षं दोकशिम त्या गाडीत बसून गेली होती. ती गाडी चिखलात जाताना बांधावरून कशी दिसते, हे तिनं आज पहिल्यांदा पाहिलं. तिला लेकीचा भयंकर राग आला होता, आणि तो ती लेकीला कधीच सांगणार नव्हती.