नऊ छिद्रांचा नकाशा

नणंदेची विजेवर चालणारी चाकांची खुर्ची बंद पडली, तेव्हा कंपनीच्या माणसाने फोनवरच हात झटकले. "मॉडेल जुनं झालं, मॅडम. कंट्रोल बोर्ड आता मिळणार नाही. नवी खुर्ची घ्या."

नणंद त्या खुर्चीतून घरभर अशी सुसाट फिरायची की सगळे तिला इंजिन म्हणत. आता कुणी ढकलायला आलं की तिचा तिळपापड व्हायचा.

वहिनी नोकरीत सर्किट बोर्डच आखायची. "मी बनवते," ती म्हणाली. अडलं ते जॉयस्टिकच्या कनेक्टरपाशी. पिना नऊ, ओळी दोन, त्यातली एक किंचित सरकलेली. तो बसायला बोर्डावर छिद्रं नेमकी कुठे पाडायची, त्या नकाशाला या धंद्यात फूटप्रिंट म्हणतात. ती कंपनीने कधी कुणाला दिलीच नव्हती.

वहिनीने जळक्या बोर्डावरचा कनेक्टर सोडवला आणि बारीक माप घ्यायचा व्हर्नियर घेऊन जेवणाच्या टेबलावर ठाण मांडलं. माप घ्यायचं, कागदावर छापायचं, पिना कागदात खुपसून बघायच्या, कडेची पिन वाकली की पुन्हा पहिल्यापासून.

"अगं, माझ्या ड्रेसचं माप कुणी इतक्या मायेने घेतलं नाही," इंजिन म्हणाली.

नवा बोर्ड बसला आणि खुर्ची चालली. वहिनीने ती फूटप्रिंट इंटरनेटवरच्या एका खुल्या लायब्ररीत टाकली. कुणीही वापरा, बदला, वाटा. नावाच्या जागी फक्त 'वहिनी'. अनोळखी लोकांचे निरोप येऊ लागले. कुणाच्या वडिलांची खुर्ची सुरू झाली होती. एकाने कळवलं, कोपऱ्यातलं छिद्र घट्ट होतंय. वहिनीने पुन्हा मोजलं. त्याचं खरं होतं. तिने दुरुस्ती केली.

मग एके दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. चहाच्या वेळी तिनेच ऑफिसभर कौतुकाने सांगितलं होतं, त्यामुळे लपण्यासारखं काही नव्हतं.

"खुर्चीवाली कंपनी आपली गिऱ्हाईक आहे," साहेब म्हणाले. "ही 'वहिनी' कोण, ते त्यांना अजून माहीत नाही. गुपचूप काढून टाका, विषय संपला."

"खुर्ची आमची, व्हर्नियर माझा, टेबल माझ्या घरचं. त्यांचं काय गेलं?"

"कनेक्टर त्यांचा आहे."

"असू दे. दोन पिनांमधलं अंतर कुणाच्या बापाचं नाही."

"मग मला तुम्हाला ठेवता येणार नाही. सकाळपर्यंत विचार करा."

घरी येऊन वहिनीने सगळं सांगितलं. ऐकून इंजिनचा चेहरा पडला. "काढ की. माझं काम झालंय. माझ्यापायी नोकरी घालवू नकोस."

"तुझ्यापायी नाही गं. गुपचूप काढा म्हणे! मी काय चोरी केलीय?"

तिने लॅपटॉप उघडला. 'वहिनी' खोडून स्वतःचं नाव घातलं, आडनावासकट. तेवढ्यावर भागेना, म्हणून त्याच खुर्चीच्या चार्जिंगच्या सॉकेटची आणि बॅटरीच्या प्लगची फूटप्रिंटही मोजून टाकली. इंजिन पुढ्यात येऊन उजेड धरून बसली.

नोकरी गेली. कंपनीच्या वकिलाचा लांबलचक ईमेल आला, तेव्हा तिने एका ओळीत उत्तर दिलं: 'माप कुठे चुकलं असेल तर कळवा, दुरुस्त करते.' त्यानंतर तिकडून चकार शब्द आला नाही. तोवर फूटप्रिंटच्या प्रती इतक्या ठिकाणी पोचल्या होत्या की कुणी म्हटलं असतं तरी गोळा झाल्या नसत्या.

वहिनी आता एका दुरुस्तीच्या दुकानात बसते. जुन्या ऑफिसातल्या मोठ्या स्क्रीनची तिला अजून आठवण येते, आणि ती तसं मोकळेपणाने सांगते. परवा दुकानात एक फोन आला. त्याच कंपनीचा मेकॅनिक होता.

"मॅडम, आमच्या गोदामातही तो बोर्ड नाही. तुमच्या फूटप्रिंटवरूनच आम्ही बनवून घेतो. पण कुठे बोलू नका हं."

"बोलणार," वहिनी म्हणाली. "तुमचं नाव तेवढं घेणार नाही."