लेकीचा आवाज

लातुरात गल्लोगल्ली क्लासेस, अन् त्या सरांची लेक्चरं माझ्या मागच्या खोलीत. रेकॉर्ड करून साफ करून द्यायची, हाच माझा धंदा. कालच फिजिक्सच्या एका सरांच्या लेक्चरात टक-टक आली. कॉम्प्युटरमधी बफर, म्हणजे आवाज तात्पुरता साठवायची जागा, वाढवला, गेली. त्यामुळं मी लई हुशारीत होतो. तिथंच माती खाल्ली.

शेजारच्या नागम्मा मावशी क्लासच्या पोरांची खानावळ चालवतात. भूकंपात त्यांचं घर गेलं, घरातली समदी माणसं गेली. त्यांनी पिशवीतून एक कॅसेट काढली. माहेरी राहिली होती, म्हणून वाचलेली.

"कलीम, लेकीचा आवाज हाय ह्यात. माझ्या गौराचा. एवढाच उरलाय. कॉम्प्युटरात घालून दे बाबा, रीळ खराब व्हाय लागलंय."

कॅसेट लावली. एक पोरगी पाढे म्हणत होती, गोड आवाज. पण मधीच टक. मग टक-टक. म्हटलं, आली का परत अवदसा! बफर वाढवला. पंखा बंद केला, मोबाईल बाहेर ठेवला, वायर बदलली. तीनदा वाजवली, तिन्ही वेळा टक बरोब्बर त्याच जागी. अरे येड्या, कॉम्प्युटरचा बिघाड जागा बदलतो, हे मीच लोकांना शिकवतो! म्हणजे टक कॅसेटमधलीच. मला वाटलं, बुरशी असेल. चौथ्यांदा लावली तर रीळ आत गुंडाळलं, हातात काळा भुगा आला. म्हटलं जाऊ दे, तिसऱ्यांदा वाजवताना रेकॉर्ड केलेली फाईल हाय ना. तांदळातले खडे निवडावेत तशी एकेक टक निवडून काढली. डिस्क लेक्चरांनी भरलेली, म्हणून त्याच फाईलवर सेव्ह केलं.

दुपारी मावशींनी हेडफोन लावला. आता हसतील, रडतील, म्हणून मी बघत राहिलो. त्या मात्र आठ्या घालून कशाची तरी वाट बघत होत्या.

"गौरा कुठाय?"

"ही काय, पाढे म्हणते ती!"

"ही मंजुषा, माझ्या बहिणीची पोर. जित्ती हाय, उदगीरला. माझी गौरा मुकी होती रे. टाळूला जीभ लावून टक करायची. एकदा म्हणजे हाव, दोनदा म्हणजे न्हाई. मंजुषा चुकली की..." त्यांनी हेडफोन कानावर दाबला. "सतरा साते एकशे सतरा. आता बघ. आता करती."

काहीच आलं नाही.

या अल्ला! लेकीचा आवाज म्हणाल्या, अन् मी तो बोलण्यात शोधत बसलो. सगळं सांगितलं. टक मीच काढली, कॅसेट गेली, पहिली फाईलबी गेली.

मावशी रडल्या नाहीत. रडल्या असत्या, मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. हेडफोन काढून त्यांनी टेबलावर ठेवला.

"मावशी, माफ कराल मला?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं, जीभ टाळूला लावली, अन् दोनदा टक केलं.