पाच मिनिटांचा मंत्र

मंगळवारी सकाळी निपाणीजवळच्या त्या हायस्कुलात जत्राच भरली होती म्हणा ना! संगणकाच्या खोलीत पोरं, पालक, दारात नारळवाला आणि खिडकीच्या गजाला लोंबकळणारं अर्धं गाव. विद्युतानंद महाराज आज पुन्हा बारा संगणकांना नुसत्या मंत्रानं झोपवणार होते. नुकत्याच झालेल्या खंडेनवमीला संगणकांना झेंडूच्या माळा घालून महाराजांनी आरती केली, मध्येच वीज गेली, आणि आरती संपते न संपते तोच बाराच्या बारा संगणक आपोआप बंद झाले. झालं! गावाला नवा देव सापडला.

देवानं लगेच कौल दिला, खोलीत शनी शिरलाय, यंत्रं हलवा, इथं माझी गादी मांडा! शाळेचे चेअरमन रायगोंडा अण्णा भाळले. "मंगळवारी म्हाराजांनी पुन्यांदा करून दावलं की संगणक गोदामात!" असं त्यांनी सगळ्यांदेखत आधीच सांगून टाकलं होतं.

जूनमध्ये नोकरीला लागलेल्या, संगणक शिकवणाऱ्या त्रिशलाबाईंना हे पटेना. गावातल्या मुलींना निपाणीच्या क्लासला कोण पाठवणार? ही खोली गेली की त्यांचं शिकणं संपलं. म्हणून काल शाळा सुटल्यावर बाई मुख्य संगणक धुंडाळत बसल्या. एका जागी पाचचा आकडा होता, त्याचा त्यांनी दहा केला आणि हसत घरी गेल्या.

बरोबर दहाला वीज गेली. पंखे थांबले, बॅटरीवाला यूपीएस पीं पीं करू लागला, संगणक मात्र चालूच.

"वीज आम्हीच घालवली!" महाराज गरजले. "ॐ करंटाय नमः! व्होल्टाय स्वाहा! माउसराजा, मान टाक! कीबोर्डा, कळा सोड!" आणि हा डोळे मिटलेला सत्पुरुष एक डोळा किलकिला करून घडीघडी मनगटावरचं घड्याळ बघत होता, हे फक्त बाईंना दिसत होतं.

पाच मिनिटं भरली. "झोपा!" महाराजांनी टाळी वाजवली.

कशाचं काय! बारा पडदे लखलखीत जागे. मागं कुणीतरी फिस्सकन हसलं.

"कुणाच्या तरी पायात चामडं हाय! चपला भाईर!" महाराजांनी फर्मावलं. सगळ्यांनी चपला बाहेर फेकल्या. सातव्या मिनिटाला लिंबू कापलं. आठव्याला मूठभर विभूती उधळली, ती सगळी महाराजांच्याच नाकात गेली. सात शिंका! बाई हसू दाबता दाबता रडकुंडीला आल्या.

दहा मिनिटं भरत आली, तशी बाईंनी शाळेत स्वयंपाक करणाऱ्या रुक्माबाईंना पुढं ओढलं. "मावशी, तुम्ही सांगून बघा की."

"मी? आगं बया!" रुक्माबाईंनी हातातली पळी संगणकांवर उगारली. "झोपा की रं मुडद्यांनो! किती जागताय?"

आणि टपाटप पडदे काळे झाले. अकरा झोपले, मागोमाग मुख्य संगणकही.

एकच कल्ला! दोघं-तिघं धाडकन रुक्माबाईंच्या पायावर आडवे. "आमचीच शक्ती तिच्यात शिरली!" महाराज ओरडत होते. रुक्माबाई त्यांच्याहून मोठ्यानं ओरडल्या, "सोडा रं पाय! माझी आमटी करपाय लागलीया!"

"अण्णा, ही वायर बघा," त्रिशलाबाई म्हणाल्या. "यूपीएसमधनं मुख्य संगणकात जाते. वीज गेली की यूपीएस त्याला कळवतो. ठरलेला वेळ झाला की तो बाकीच्या सगळ्यांना सांगतो, काम जपून ठेवा आणि बंद व्हा. बॅटरी संपून फायली खराब होऊ नयेत, म्हणून आधीच्या सरांनी पाच मिनिटं लावली होती. मी काल दहा केली."

"आन् पाच मिन्टं म्हाराजांस्नी कुनी सांगितली?"

शिपाई भरमानं मान खाली घातली. "मीच बोललो अण्णा, गप्पांत. वीज गेली की पाच मिन्टात झोपत्यात म्हनून. मला काय ठावं!"

"आज दहाला वीज जाणार, हे तर पेपरातच आलंय. दुरुस्तीचा दिवस," बाई म्हणाल्या. तोवर महाराज बाहेर चपलांच्या ढिगात आपली जोडी शोधत होते.

दुपारी वीज आली. बाईंनी अण्णांकडूनच आकडा दोन करून घेतला आणि भिंतीवरचं यूपीएसचं बटण बंद केलं.

"मंतर?" अण्णांनी हळूच विचारलं.

"काही म्हणू नका."

अण्णांनी घड्याळावर दोन मिनिटं मोजली. मग बारा पडदे निमूट काळे झाले. अण्णांनी कपाळावर हात मारला. "लई येडा झालो की वं बाई! खोली हितंच ऱ्हाईल, तुमच्याच ताब्यात."

चमत्काराला नमस्कार घालायची आपली खोड जुनी. बाबांनो, वाकायच्या आधी एवढंच विचारा, हे झालं कसं? जो विचारल्यावर चिडतो, त्याला रस्ता दाखवा.

चारला दहावीच्या मुलींचा तास त्याच खोलीत भरला. बाई फळ्याकडं वळल्या नाहीत तोच सौम्यानं हात वर केला. "बाई, पाचच मिनिटं का? एक तास लावला तर?"

"सांगा बरं, काय होईल?"

"त्याच्या आधीच बॅटरी संपंल!" तीन-चार जणी एकदम ओरडल्या, आणि पाठोपाठ आणखी पाच हात वर आले. बाईंना इतका आनंद सकाळीसुद्धा झाला नव्हता.