पोलिसेनाचं पदक

आमच्या मांतुआ शहरात धुकं दाटलं की ओतकाम करू नये. साच्यात ओल राहिली तर वितळलेलं कासं फुटाण्यासारखं उडतं आणि आतलं सगळं वाया जातं. माझ्या नवऱ्याला, बाल्दासारेला, हे काय मी सांगायचं? पण काउंटेस विओलांते सकाळीच काळा झगा घालून कारखान्यात येऊन बसल्या होत्या. त्यांना "उद्या या" म्हणायची छाती कोणाची?

त्यांची लेक पोलिसेना बाळंतपणात गेली, लांब सासरी. तिचं एकही चित्र नव्हतं. होता तो आमच्याकडचा मेणाचा मुखडा. लग्नाच्या बोलणीत मुलाकडे पाठवायच्या पदकासाठी केलेला, पण पदक ओतायच्या आधीच लग्न ठरलं आणि मेण तसंच पाटीवर राहिलं. बाईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहवत नव्हतं.

"मेण पार सुकलंय, बाईसाहेब," नवरा म्हणाला. "मातीत दाबलं की मोडणार. एकदाच ओतता येईल."

"मग एकदाच ओता."

साचा काढताना मेणाचे तुकडे झालेच. आता पोलिसेना म्हणजे मातीतला एक खळगा. मी साचा भट्टीपाशी शेकवत बसले, हात लावून लावून पाहत.

"अहो, अजून थोडं थांबा ना!"

"तू गप्प बस. कासं थंड होतंय."

त्याने ओतलं. साचा फुसफुसला. मी मादोन्नामातेचा धावा केला आणि त्याच दमात नवऱ्याला शिव्या घातल्या.

साचा फोडला, पदक घासलं. केसांच्या बटा, गळ्यातले मोती, पापणीची घडीसुद्धा नीट उतरली होती. माझा जीव भांड्यात पडला.

बाई पदक घेऊन खिडकीशी गेल्या.

"ही कोण?"

"पोलिसेनाच, बाईसाहेब," मी म्हटलं.

"हिचं नाक सरळ आहे."

मेणाचा मुखडा केला त्या दिवशी ह्याच बाई नवऱ्याच्या डोक्यावर उभ्या राहून म्हणत होत्या, "अजून घासा हो. आमचं हे पोपटाचं नाक सोयऱ्यांना कशाला दाखवायचं?" आमच्या धंद्यात तसं कुठल्याच मुलीचं खरं नाक सासरी जात नाही. पण हे आता त्या माउलीला सांगायचं कसं? आणि नाही सांगितलं तर बाल्दासारेला चेहरा जमत नाही, असं गावभर होणार. मग कुठल्या वाड्याचं काम मिळेल?

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाईंचं बोट त्यांच्या स्वतःच्या नाकावर गेलं. वरच्या उंचवट्यावर थांबलं.

"मीच सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "ती इथंच बसली होती. ऐकत होती."

मला रडू आवरेना.

"आता भर घालता येईल?"

"काशातून फक्त काढता येतं, बाईसाहेब."

त्या स्टुलावर बसल्या, डोक्यावरचं वस्त्र काढलं, चेहऱ्याची एक बाजू नवऱ्याकडे ठेवून तोंड भिंतीकडे वळवलं.

"तिचं नाक माझंच होतं. घ्या."

नवऱ्याने पाटीवर नवं मेण लावलं. कपाळ झालं, भुवई झाली. बाईंनी डोळे मिटले होते. नाकाशी आल्यावर त्याचा अंगठा सवयीने तो उंचवटा दाबायला लागला.

मी फाडकन त्याच्या हातावर मारलं.